मॅडम वर आहेत

६ जानेवारी, मंगळवार

राहात्याला डॉ. वैजयंतींबरोबर तिसरं सत्र. सत्र कसलं! मी वही उघडेपर्यंत त्या खुर्चीतच झोपल्या. हातात पेरूची फोड तशीच. उठवलं नाही. उठवायला हवं होतं का? परतीच्या एस.टी.त राहुरी आली तरी ठरेना. पुढच्या वेळी त्यांनाच विचारायचं.

जाग आल्यावर एकदम म्हणाल्या, "परवा टाके घालताना हात थरथरला. बाईला काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. मला कळलं."

मग: "पाडव्यापर्यंत बघते. नाही जमलं तर बाळंतपणं बंद. नुसती ओपीडी, आणि दुपारी शटर खाली."

इतक्या वर्षांचं प्रसूतिगृह. खाली दवाखाना, वर घर, मध्ये जिना. नातेवाईक सरळ वर स्वयंपाकघरापर्यंत येतात. त्या जेवत असोत, मुलीशी फोनवर बोलत असोत. "मॅडम, जरा बघता का." मॅडम बघतात. सणवार नाही, रविवार नाही.

निघताना तिथे कामाला असलेल्या कमलमावशींनी गाठलं. "ताई, तुमी कोच म्हनं. मॅडमला कंचा खेळ शिकवता?" दमलेल्या माणसाला प्रश्न विचारून त्याचं त्यालाच उत्तर शोधू देते, असं सांगायला गेले, नीट सांगता आलं नाही. नीट सांगता येत नसेल तर मलाच नीट कळलंय का?

७ जानेवारी, बुधवार

डॉ. वै.चं बोलणं डोक्यातून जात नाही. 'बंद' म्हणाल्या तेव्हा मला आतून बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण ते धोक्याचं आहे. मी बँकेच्या शाखेतली नोकरी सोडली, मला सुटल्यासारखं झालं, म्हणून दुसऱ्यालाही सुटायचंच असेल असं नाही. थकलेला माणूस दिसला की मला त्याच्यात मीच दिसते. हा कामातला दोष.

नियम: 'बंद करा' किंवा 'चालू ठेवा' यातलं काहीही माझ्या तोंडून निघता कामा नये.

बी.पी. आणि झोपेसाठी फिजिशियनना दाखवा, ते माझं काम नाही, असं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. दाखवून आल्या. ते म्हणाले विश्रांती घ्या. "हेच वाक्य मी रोज बायकांना फुकट सांगते," म्हणाल्या.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

मावशींनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आणली होती. डॉ. वै. आज जाग्या होत्या. कामाचं बोलणं झालं.

त्यांना हवंय काय? खूप आढेवेढे घेऊन एवढंच निघालं: आठवड्यातला एक दिवस, रविवार. महाबळेश्वर नको, योगशिबिर नको. एक रविवार, ज्यात कुणी 'मॅडम' म्हणणार नाही.

मग अडतंय कुठे? डॉ. सना शेख आहेत ना. एकतिशीच्या आसपास, बेलापूरच्या, दोन वर्षं इथेच. डॉ. वै. स्वतः म्हणतात, "हात माझ्यापेक्षा हलका आहे पोरीचा." अडतं नातेवाइकांपाशी. "नव्या डॉक्टर नकोत, मॅडमच पाहिजेत." नवीन म्हणतात. कधी कधी त्यामागे दुसरंही काही असतं. आडनाव ऐकून समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे मला कुणी शिकवायला नको. भिंगारच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकले ते.

तोडगा मावशींनी काढला. भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "सोप्पं हाय. सांगायचं, मॅडम भाईरगावी गेल्यात. मग कोन वर येतंय?"

डॉ. वै. खूप हसल्या. मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही. रविवारी करून बघायचं ठरलं. खरोखर अडलं तर सनाने मोबाईल करायचा, डॉ. वै. 'कुठूनतरी लगेच पोचतील'.

१९ जानेवारी, सोमवार

डॉ. वै.चा फोन. काल मॅडम 'बाहेरगावी' होत्या! यजमानांनी गाडी नेऊन दिराच्या दारात लावली. पडदे ओढले. कुकर लावला नाही, शिट्टी खाली ऐकू जाते म्हणून. दुपारी चुरमुरे खाल्ले. पण झोपल्या! सकाळभर झोपल्या. खाली एक बाळंतपण झालं, सनाने केलं, कुणी कुरकुरलं नाही.

"माझ्याशिवाय झालं हो," म्हणाल्या. आवाजात आनंद होता, आणि थोडं काहीतरी दुसरंही.

मीही खुशीत. मि.ला (नवऱ्याला) सांगायचं नसतं, नाव न घेता सांगितलं. मिलिंद म्हणाला, "म्हणजे विश्रांतीसाठी लपायला लागलं?" मी म्हटलं, सुरुवात आहे. तो पेपर वाचायला लागला. तो काही न बोलता पेपर वाचायला लागतो तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

राहाता. दुसऱ्या रविवारनंतर डॉ. वै. जास्त दमलेल्या. खोकला आला तर उशीत तोंड घालत होत्या. फरशीवर वाटी पडली तर काळीज धडधडलं. "माझ्याच घरात मी चोर झालेय."

इथे थांबायला हवं होतं. मी विचारलं, "मग काय बदलता येईल?" त्या म्हणाल्या, "गच्चीवर तर जाते की. तिथे कोण बघतंय." मी मान डोलावली. मान का डोलावली?

२ फेब्रुवारी, सोमवार

कळलं. गावाला. कसं, तेही डॉ. वै.नी फोनवर सांगितलं.

काल सकाळी डॉ. वै.नी डोक्यावरून पाणी घेतलं आणि गच्चीवर उन्हात केस सुकवत बसल्या. कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या, म्हणाल्या. खाली अंगणात एका बाळंतिणीची आजी तोंड धुवत होती. तिने वर पाहिलं.

"अगं बया! मॅडमच की वं. केस वाळवत बसल्यात!"

पुढचं डॉ. वै.नी रडत-हसत सांगितलं. सगळे जिन्याने वर. बाळबाळंतीण खुशाल होती, तक्रारीला जागाच नव्हती. पण आजी दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं भाईरगाव लई जवळ हाय, मॅडम. आमालाबी दाखवा की."

गावात आज हेच. औषधाच्या दुकानात, पेरूच्या गाडीवर. एक जण त्यांच्या यजमानांना म्हणे, "काय सर, मॅडम आल्या का परत गच्चीवरून?"

उद्या जाते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉ. वै. ऑपरेशनमध्ये होत्या, म्हणून मी खाली थांबले. सिस्टरांच्या खोलीत डॉ. सना एकट्याच चहा पीत होत्या. आजवर नुसतं 'नमस्कार, बऱ्या आहात' एवढंच. मी बसू का विचारलं. त्या म्हणाल्या, "बसा. तुम्हीच ना त्या? मॅडमच्या कोच."

मग सरळच: "मी दोन महिन्यांची नोटीस दिलीय. तुम्हाला सांगितलं असेल."

नव्हतं सांगितलं.

"मावशीला माहीत होतं. सिस्टरना माहीत होतं. झाडूवालीला माहीत होतं. मॅडम वर आहेत, हे फक्त मला माहीत नव्हतं. मला वाटायचं खरंच गावाला गेल्यात. पहिल्या रविवारी बाळ रडेना लवकर. मी केलं सगळं. नंतर घरी अब्बांना फोन करून सांगितलं, आज मी एकटीनं सांभाळलं. आणि मॅडम डोक्यावर, पंख्याखाली!"

मी काहीतरी पुटपुटले, त्यांचा हेतू...

"हेतू चांगलाच असणार. पण ताई, मॅडम गावात नाहीत म्हटल्यावरच मी चालते, असंच लोकांना शिकवलं ना तुम्ही? मॅडम असतील तर मी कोण?"

आणि मग, चहाचा कप धुता धुता: "माझ्या ड्यूटीचं सगळं ठरलं. मला कुणी विचारलं नाही."

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस हेच. माझी सत्रांची वही चाळली. डॉ. वै.ची झोप, डॉ. वै.ची भीती, डॉ. वै.चा रविवार. सनाचं नाव एकदाच, 'अडतं कुठे' या वाक्यात. माझ्याही वहीत ती अडचणीच्या रकान्यात आहे, माणसांच्या नाही.

सनाला सांगितलंय ना, हा एक प्रश्न. तोंडात आला असता तर सगळं वेगळं झालं असतं. मी विचारला नाही कारण मला वाटलं विचारायची गरजच नाही, आणि आता खरं सांगायचं तर, कारण त्या हसत होत्या.

मि. म्हणतो, "पण तू डॉक्टरीणबाईंची कोच आहेस. त्या पोरीची नाहीस."

बरोबर आहे. पण एकीला उन्हात बसवण्यासाठी दुसरीला अंधारात ठेवायचं असेल तर त्याला मी काय नाव देऊ?

ठरवलं. डॉ. वै.ना सांगायचं की चूक माझी. तिघींनी बसायचं असं सुचवायचं. त्या नाही म्हणाल्या तर हे काम सोडायचं. भीती वाटते. वाटू दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिघी बसलो. वर, डॉ. वै.च्या स्वयंपाकघरात. सना खुर्चीच्या कडेला टेकून, जशी पेशंटच्या घरी बसावी.

मी आधी माझं सांगितलं: हे करताना सनाला विचारलं का, एवढं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. डॉ. वै. तडकल्या. "तुम्ही माझ्यासाठी येता की हिच्यासाठी?" मी म्हटलं, तुमच्यासाठीच. तुमचा रविवार हिच्याशिवाय होणारच नाहीये.

खालून एक जण आलाच, "मॅडम, जरा..." डॉ. वै. सवयीने उठल्या. सनाही उठली. दोघी एकदम उठलेल्या बघून तो गांगरला आणि म्हणाला, "न्हाई, ते... टॉयलेट कुठं हाय?" तिघींनाही हसू आवरेना. त्या हसण्याचा उपयोग झाला.

डॉ. वै. सनाला म्हणाल्या, "तुला सांगितलं नाही कारण मी वर आहे कळलं असतं तर तू साध्या साध्या गोष्टीला फोन केला असतास."

"केला असता का? दोन वर्षांत किती वेळा केलाय, मॅडम?"

डॉ. वै.नी आठवून बघितलं. मग मान खाली घातली. "नाही केलास."

थोड्या वेळाने: "तुझ्या फोनची भीती नव्हती गं. मला भीती वाटायची की तू फोन करणारच नाहीस."

हे मी सुचवलेलं नाही, विचारलेलं नाही. त्यांचं त्यांनाच आत्ता कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी सनाला विचारलं, रविवार तुम्हाला घ्यायचाय का मुळात? घ्यायचा असेल तर कसा? तिने लगेच सांगितलं, जणू पाठच होतं. लोकांना खरं सांगायचं: मॅडम वर आहेत, आज सुट्टीवर आहेत. वर फोन फक्त सना करणार, नातेवाईक नाही, सिस्टर नाही. आणि मॅडमनी स्वतःहून खाली उतरायचं नाही. ऐकू आलं तरी, राहवलं नाही तरी.

"आणि ओळखीचं कुणी आलं तर?" डॉ. वै.

"तेव्हा तर नाहीच."

नोटीस मागे घेतलेली नाही. "आधी बघू," म्हणाली. तिचंही बरोबर.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिला खरा रविवार. एक कुटुंब 'मॅडम वर हायेत, येत न्हाईत' ऐकून पोरीला घेऊन दुसरीकडे गेलं. जाताना म्हणाले, "एवढा कसला माज." गाडी चालू झाल्याचा आवाज डॉ. वै.नी वर ऐकला. अर्धा जिना उतरल्या. परत चढल्या. मग भाजी निवडली, म्हणाल्या, आठवडाभर पुरेल एवढी.

मला फोनवर: "खोटं बोलणं सोपं होतं हो."

हो. खोट्यात फक्त लपायचं होतं. यात वर उघड बसून राहायचं आहे.

राहिलेल्या दोघींची बाळंतपणं नीट झाली. गेलेल्या पोरीचं काय झालं कुणाला माहीत नाही. हे डॉ. वै.ना लागलंय. मलाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शोभाताईंचा राहात्याहून फोन. मि.ची थोरली बहीण, प्रज्ञाची आई. प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला सिन्नरहून माहेरी आलीय, दिवस भरत आलेत. नाव कुठे घातलंय? डॉ. वैजयंतींकडेच. राहात्यात दुसरं कुठे घालणार.

"वहिनी, तुमची तर मॅडमशी घसट. ते रविवारचं नाटक काय चाललंय म्हनं? आपल्या पोरीच्या वेळी तसलं काही नको हं. पहिलटकरीण हाय. सासरचे डोळ्यांत तेल घालून बसलेत. काही कमी-जास्त झालं तर माहेरच्यांनी केलं म्हणतील."

मी म्हटलं, रविवारीच होईल असं थोडंच आहे.

"ते तुमी मॅडमला सांगून ठेवा."

माझा डॉ. वै.शी काय संबंध हे मी घरात कधी बोलले नव्हते. पण राहात्यात कोच येते आणि ती भिंगारची, एवढं शोभाताईंना पुरलं.

आजच डॉ. वै.ना फोन केला. प्रज्ञा माझ्या नणंदेची मुलगी, हे तुम्हाला माहीत असायला हवं. त्या पटकन म्हणाल्या, "तुमची भाची? मग रविवारी आली तरी मी उतरेन. त्यात काय."

मी म्हटलं, "नाही. तुम्ही उतरू नका." बोलल्यावर माझंच मला नवल वाटलं. सल्ला द्यायचा नाही हा माझाच नियम. पण हा सल्ला नव्हता. माझ्यासाठी मोडू नका, एवढीच विनंती होती.

सनालाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं आधी सांगितलंत." रोजे सुरू झालेत तिचे. आवाज कोरडा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कालचा रविवार शांत. एकच बाळंतपण. नातेवाईक वर बोट करून म्हणे, "त्या वर हायेत ना? मंग झालं. हायेत म्हंजी हायेत." आणि सनाकडे पोरगी सोपवली. डॉ. वै.ना हे फार आवडलं. मलाही. वर असणं आणि खाली येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या माणसाला बिनसत्राचं समजलं.

मि. माझ्यावर थोडा नाराज. बहिणीने त्यालाही फोन केलेला. "ओळखीचा उपयोग अडीअडचणीला नाही करायचा तर कधी?" मी म्हटलं, अडचण येऊ दे तरी. तो पेपर वाचायला लागला.

१ मार्च, रविवार

सकाळी भाकऱ्या चालू होत्या तेवढ्यात शोभाताई. "वहिनी, कळा सुरू झाल्या. रविवारच गाठला बघा कार्टीनं. निघा तुमी. आणि गाडीतनंच मॅडमना फोन लावा."

मि.ने गाडी काढली. विळदघाट उतरलो. मग तो म्हणाला, "एक फोन. तू 'खाली या' असंही म्हणू नकोस. नुसतं 'प्रज्ञा आलीय' म्हण. बाकी त्या समजतील."

तेच तर. म्हणूनच नाही करायचा.

"आणि काही झालं तर?"

काही झालं तर सना बोलावेल. हे मी म्हटलं. लिहिताना खोटं लिहायचं नाही: डॉ. वै.चा नंबर मी उघडून ठेवला होता. बाभळेश्वरपर्यंत.

पोचलो तर बाकावर शोभाताई, शेजारी विहीणबाई सिन्नरहून आलेल्या, जावईबापू भिंतीला टेकून. प्रज्ञा आत. विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या डाक्टरीणबाई वरती आराम करत्यात म्हनं. आमच्याकडं असली पद्धत न्हाई." शोभाताईंचा चेहरा उतरला. अंगावर सगळं माहेरचं ओझं, वर हे.

सना बाहेर आली. दमलेली, ओठ सुकलेले, पण सावकाश बोलली. "ठोके छान आहेत. पहिली वेळ आहे, वेळ लागणार. ती धीराची आहे तुमची मुलगी."

शोभाताई: "मॅडमना बोलवा ना एकदा. नुसतं बघून जाऊ द्या."

"गरज लागली तर मीच बोलावीन, मावशी. तुम्हाला सांगावंही लागणार नाही. आत्ता गरज नाही."

शोभाताई माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर. "वहिनी, तुमी बोला."

मोबाईल हातातच होता. पर्समध्ये टाकला. म्हटलं, "ताई, माझ्याकडे नंबर आहे. मी करणार नाही."

"तुमची पोर असती तर?"

मला मूल नाही हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना ते तसं म्हणायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. विहीणबाईंनी तेवढ्यात नजर दुसरीकडे केली.

आमचे आवाज चढले असावेत. वर दार उघडलं. सगळ्यांनी माना वर केल्या. डॉ. वै. जिन्याच्या वरच्या टोकाला, घरातल्या साडीत, हात कठड्यावर. मला वाटलं, संपलं. आता उतरतील. शोभाताई उठून उभ्याही राहिल्या.

डॉ. वै. तिथूनच म्हणाल्या, "मी वर आहे. सना खाली आहे. तिनं बोलावलं की त्या क्षणी येईन. तोपर्यंत तुमची मुलगी तिची आहे."

आणि आत गेल्या. दार लोटलं फक्त, कडी लावल्याचा आवाज नाही आला.

मावशी मोठ्याने म्हणाल्या, "चला, आता तरी च्या घ्या सगळ्यांनी," आणि विहीणबाईंनी पहिला कप घेतला.

नंतरचे तास. आतून प्रज्ञाचं ओरडणं. प्रत्येक वेळी वाटे, मी कोण शहाणी लागून गेले? एका पोरीच्या जिवावर माझी तत्त्वं? मि. बाहेर फेऱ्या मारत होता. शोभाताई माझ्यापासून सरकून बसल्या. मी तिथेच बसून राहिले. निघून जाणं सोपं होतं.

दुपार कलताना बाळ रडलं. मुलगी. दोघी खुशाल.

शोभाताईंनी सनाचे हात धरले, कपाळाला लावले. विहीणबाई म्हणाल्या, "नाक आमच्यावर गेलंय." मि.ला डोळे पुसताना पाहिलं. मला शोभाताई काही बोलल्या नाहीत. मि.ला म्हणाल्या, "बारशाला या रे." 'या'मध्ये मी होते का कळलं नाही. विचारलं नाही. त्यांना राग असायचा हक्क आहे.

सगळे आत बाळ बघायला गेल्यावर सना येऊन बाकावर बसली. जावईबापूंनी दिलेला पेढा तिने कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवला, रोजा सुटल्यावर खायला.

"मध्ये एकदा मॅडमना फोन केला होता मी," ती म्हणाली. "थोडी शंका आली म्हणून. त्यांनी विचारलं, तुला काय वाटतं? मी सांगितलं. म्हणाल्या, मग तसंच कर, मी फोन हातात धरून बसलेय."

असं कुणी मला बँकेत एकदा तरी विचारलं असतं तर, एवढंच मनात आलं.

मग ती म्हणाली, "ताई, पुढचा रविवार मला पाहिजे. बेलापूरला सगळी बहीण-भावंडं येणार आहेत इफ्तारला. दोन वर्षं गेले नाही. मॅडमना तुम्ही सांगाल का?"

पाडवा आता जवळ आलाय. डॉ. वै.नी काय ठरवलंय ते त्या बोललेल्या नाहीत. सनाची नोटीस टेबलाच्या खणात तशीच आहे. पुढच्या रविवारी सना नसेल तर डॉ. वै. खाली असणार, आणि हा रविवार त्यांना कसा मिळाला हे मी पाहिलंय. 'हो, मी सांगते' जिभेवर आलं होतं.

"तुम्हीच सांगा," म्हटलं.

"नाही म्हणाल्या तर?"

"तर राहायचं की जायचं, ते तुम्हाला कळेल."

ती उठली. एप्रन काढून बाकावर ठेवला, ओढणी सारखी केली आणि जिना चढायला लागली. मावशी खालून ओरडल्या, "डॉक्टर, कुनाला काय झालं का?"

"कुणाला काही नाही," ती म्हणाली. "माझंच काम आहे."

वर दारावर टकटक झाली. मि.ने बाहेरून गाडीचा हॉर्न वाजवला. मी उठले आणि निघाले.